शीव, उकिरडा आणि सलीम अली

पक्षी, झाडे, खाडी, जंगल असा विषय निघाला की आपल्या चळवळीतील बरेच कार्यकर्ते तोंड फिरवितात. ज्याला दोन वेळच्या भाकरीची, डोक्यावरच्या छपराची आणि मुलांच्या शिष्यवृत्तीची काळजी आहे त्याने बगळे मोजत बसायचे काय, असा त्यांचा सवाल असतो. हा सवाल उगाच आलेला नाही. झोपड्या हटवा आणि पर्यावरण वाचवा अशी मागणी करणारे बंगल्यातले निसर्गप्रेमी या मुंबईने पुष्कळ पाहिले आहेत. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतील हजारो झोपड्या तोडल्या गेल्या. ज्यांच्याजवळ कागद होते त्यांना वर्षानुवर्षे लढून चांदिवलीला घरे मिळाली. त्या वसाहतीचे नाव संघर्षनगर आहे, ते काही हौसेने ठेवलेले नाही.

पण म्हणून निसर्गरक्षण हा विषय बंगलेवाल्यांना आंदण देऊन टाकायचा काय? आम्हाला तसे वाटत नाही. महाडच्या चवदार तळ्यावर गुराढोरांना, पाखरांना पाणी पिता येत होते आणि अस्पृश्य माणसाला मज्जाव होता. १९२७ साली बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले तेव्हा पाणी कोणाचे, तळे कोणाचे, हा प्रश्नही त्यांनी देशापुढे मांडला. तो प्रश्न जंगलाला लागू आहे, खाडीला लागू आहे, मिठागरांनाही लागू आहे. तो नीट समजून घ्यायचा तर एका माणसाचे आयुष्य आम्हाला फार उपयोगी वाटते. तो माणूस आपल्या चळवळीतला नव्हता, आपल्या वस्तीतला तर नव्हताच. पण आयुष्याच्या अखेरीस त्याचा हात आमच्या शीवच्या मातीला लागला. त्याचे नाव डॉ. सलीम अली.

शीव या नावाविषयी आधी थोडे सांगितले पाहिजे. शीव म्हणजे हद्द. मुंबईचे बेट येथे संपत होते आणि पलीकडे खाडी ओलांडली की साष्टी सुरू होत होती. गावगाड्यात शिवेचा तंटा उभा राहिला की शीव कोठून जाते हे दाखवायला महारालाच बोलावीत, वेशीवर रात्र जागून काढणारा वेसकरही तोच. गावाची शीव राखणाऱ्याची वस्ती मात्र गावकुसाबाहेर. मुंबईने वेगळे काही केले नाही. शहराला जे जे नको होते ते ते तिने आपल्या शिवेवर आणून टाकले. चामडे कमावण्याचे कारखाने धारावीत आले, शहराचा कचरा मिठी नदीच्या काठावर आला, आणि ज्यांच्या श्रमावर शहर चालते ती माणसेही त्याच कचऱ्याच्या शेजारी येऊन राहिली. शीव-वांद्रे जोडरस्त्याला लागून असलेल्या या जागेवर १९७७ पर्यंत कचरा पडत होता. आज तेथे सुमारे ३७ एकरांवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे आहे. त्या उकिरड्यावर झाडे लावण्याचा प्रारंभ १९८३ साली सलीम अलींच्या हस्ते झाला. त्यांचे वय तेव्हा ८६ होते.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईचा. सुलेमानी बोहरा कुटुंबातले हे शेंडेफळ. ते वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. गिरगावजवळ खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी त्यांचे पालनपोषण झाले. बद्रुद्दीन तय्यबजींचे हे घराणे, म्हणजे घरात कायदा होता, काँग्रेस होती, पैसा होता. सुटीत मंडळी चेंबूरला जात, कारण चेंबूर त्या काळी रानच होते. शिकारीची हौस घरात सर्वांना होती आणि पोरांच्या हातात छऱ्याची बंदूक असे. पुढे पक्ष्यांचा रक्षणकर्ता म्हणून जगाने ओळखलेल्या या माणसाने लहानपणी चिमण्या मारल्या आहेत, त्याही मोजून आणि टिपण ठेवून. हे त्यांनी आत्मचरित्रात लपविलेले नाही.

अशीच एक चिमणी मारल्यावर तिच्या गळ्याशी पिवळा डाग दिसला. अशी चिमणी पूर्वी पाहिलेली नव्हती. ती खाण्यास धर्माने चालते की नाही अशी शंका आली म्हणून पोराने ती मामांना नेऊन दाखविली. मामांनाही ओळखेना. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठविले. वर्ष १९०८. तेथील मानद सचिव मिलार्ड या इंग्रज गृहस्थांनी पक्ष्याचे नाव सांगितलेच, शिवाय पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखविली. बारा वर्षांचा तो मुलगा त्या कपाटांतून पुढे आयुष्यभर बाहेर आला नाही असे म्हटले तरी चालेल.

या सोसायटीबद्दल एक गोष्ट आपल्या वाचकांना माहीत असावी. १८८३ साली ती आठ जणांनी स्थापन केली, त्यात दोन हिंदी होते. एक प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. हे सखाराम अर्जुन म्हणजे रखमाबाईंचे सावत्र वडील. नांदायला जाणार नाही असे कोर्टात ठणकावून सांगणारी आणि पुढे डॉक्टर झालेली सुतार समाजातली रखमाबाई त्यांच्या घरात वाढली. तेव्हा या शहरात निसर्गाचा अभ्यास आणि समाजसुधारणा यांची सोयरीक जुनी आहे. ती पुढे तुटली, तो भाग वेगळा.

१९१३ साली सलीम अली कसेबसे मॅट्रिक झाले. त्याच वर्षी बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठाकडे निघाले होते. सलीम अलींना कॉलेज मानवले नाही. ते ब्रह्मदेशात तावॉयला भावाच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यात गेले, तेथे धंदा कमी आणि पक्षी जास्त पाहिले, परत आले, थोडे वाणिज्य आणि थोडे प्राणिशास्त्र शिकले, १९१८ साली तहमीना यांच्याशी विवाह झाला, पुन्हा ब्रह्मदेशात गेले आणि धंदा बुडवून परत आले. सरकारी प्राणिशास्त्र खात्यात नोकरी मागितली तर पदवी नाही म्हणून नाकारली गेली. १९२६ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये लोकांना पक्षी-प्राणी समजावून सांगण्याची जागा मिळाली. तेथून रजा घेऊन १९२८ साली ते जर्मनीला गेले आणि बर्लिनला श्ट्रेझमान या पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शास्त्रशुद्ध काम शिकले. परत आले तर पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली.

येथे आम्हाला थोडे थांबावेसे वाटते. पदवी नसलेला, नोकरी नसलेला, धंद्यात बुडालेला हा तरुण पुढे जगातला मोठा पक्षिशास्त्रज्ञ झाला, ही कथा जिद्दीची म्हणून शाळेच्या पुस्तकात सांगतात. जिद्द होतीच. पण मागे तय्यबजींचे घर होते, समुद्रकाठी राहायला बंगला होता, म्युझियममध्ये ओळख होती. त्याच मुंबईत परळच्या चाळीतून आलेल्या बाबासाहेबांना पदव्यांची रास उभी करूनही बडोद्यात राहायला खोली मिळाली नाही. पदवीवाचून मोठे होण्याची चैन या देशात काही घराण्यांनाच परवडते. हे सलीम अलींना कमी लेखण्यासाठी आम्ही म्हणत नाही. त्यांच्या हाती जे आले त्याचे त्यांनी सोने केले, एवढे मात्र खरे.

ते सोने अलिबागजवळच्या किहीम गावात झाले. नोकरी गेल्यावर पती-पत्नी तेथे राहावयास गेले. घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. १९३० च्या पावसाळ्यात सलीम अली तासन् तास त्या खोप्यांकडे पाहत बसले. त्यांना जे दिसले ते असे. खोपा विणतो तो नर. अर्धा विणून झाला की मादी येऊन पाहणी करते, पसंत पडला तर आत राहते, मग नर तो पुरा करतो आणि लगेच दुसरीसाठी दुसरा खोपा विणायला घेतो. एकामागून एक अशी बिऱ्हाडे करणारा हा पक्षी आहे, हे त्यांनी नोंदींच्या आधाराने सिद्ध केले. आपल्या भाषेने मात्र त्या पक्ष्याचे नावच सुगरण ठेवले आणि विणकामाचे सारे श्रेय बाईच्या गळ्यात घातले. घरकाम दिसले की ते बाईचेच, हा संस्कार पाखरांवरही लादणारे आपण लोक. सलीम अलींनी पोथी पाहिली नाही, झाडाकडे पाहिले. तथागतांनी कालामांना सांगितलेली रीत ती हीच, ऐकीव म्हणून मानू नका, स्वतः पडताळून पाहा. सलीम अली बौद्ध नव्हते, धार्मिक म्हणावे असेही नव्हते, पण पद्धत ही होती.

पुढची वीस-पंचवीस वर्षे भ्रमंतीची. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, भोपाळ, इंदूर, कच्छ अशी संस्थाने घेऊन तेथील पक्ष्यांची पाहणी ते करीत गेले. पगार नसे, संस्थानाने खर्च द्यावा आणि यांनी काम करावे. तहमीना बरोबर असत, तंबूचा संसार सांभाळीत, नोंदींना आणि लिखाणाला हात लावीत. १९३९ साली एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. नंतर सलीम अली वांद्र्याला पाली हिलवर बहीण आणि मेहुण्यांकडे राहिले आणि कामात बुडून गेले. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे चित्रमय पुस्तक निघाले, त्याच्या आवृत्त्या अजून निघतात. अमेरिकन शास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांच्यासह भारतीय उपखंडातील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९७४ पर्यंत पुरा झाला. मोटारसायकलीचा नाद एवढा की १९५० साली स्वीडनमध्ये पक्षिशास्त्राची परिषद होती तर आपली गाडी जहाजाने नेऊन युरोपभर फिरविली. १९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण, १९८५ साली राज्यसभेवर नियुक्ती. मानसन्मानांची यादी एवढी पुरे.

पक्षी कोठून येतात, कोठे जातात हे कळण्यासाठी त्यांना पकडून पायात कडे घालून सोडावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सोसायटीने १९५९ पासून हे काम मोठ्या प्रमाणावर केले. हे पक्षी पकडले कोणी? बिहारमधील मीरशिकार समाजातील पिढीजात फासेवाल्यांनी. जिवंत पाखरू पंखाला इजा न होता हातात घेण्याची विद्या त्यांच्याजवळ होती आणि सलीम अलींना तिची कदर होती. आपल्याकडे हीच विद्या फासेपारध्यांजवळ आहे. त्यांना आधी १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरविले. १९५२ साली तो शिक्का सरकारी कागदावरून पुसला, पण १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि फास लावणे हाच गुन्हा झाला. आम्ही त्या कायद्याच्या विरोधात नाही. माळढोक आणि तित्तिर उरावेत हे आम्हालाही वाटते. पण ज्याच्या हातून फास काढून घेतला त्याच्या हातात दुर्बीण किंवा वनरक्षकाची नोकरी द्यावी हे कोणालाच सुचले नाही. शास्त्राला त्याचे ज्ञान चालले, व्यवस्थेला माणूस चालला नाही.

आता भरतपूरकडे येऊ. सलीम अलींच्या आयुष्यातील सर्वांत मोठे यश आणि आमच्या मते सर्वांत मोठी चूक ही दोन्ही तेथेच आहेत.

राजस्थानात भरतपूरजवळ केवलादेवची पाणथळ जागा आहे, सुमारे २९ चौरस किलोमीटरची. तेथील राजे तेथे बदकांच्या शिकारी भरवीत. १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४२७३ पक्षी मारले गेले, हा आकडा आजही सांगितला जातो. स्वातंत्र्यानंतर ही जागा कोरडी करून शेतीला द्यावी अशी मागणी झाली. सलीम अलींनी पंतप्रधान नेहरूंपर्यंत जाऊन ती वाचविली. १९५६ साली पक्षी अभयारण्य झाले, १९८१ साली राष्ट्रीय उद्यान, १९८५ साली जागतिक वारसा. माजी राजाचा शिकारीचा हक्क मात्र १९७२ पर्यंत शाबूत राहिला.

राष्ट्रीय उद्यान झाल्यावर भोवतालच्या गावांची गुरे, विशेषतः म्हशी, आत चरायला बंदी करण्यात आली. गवत खाऊन गुरे पक्ष्यांचा निवारा उद्ध्वस्त करतात असे सलीम अलींचे आणि त्यांच्या शास्त्रज्ञ मित्रांचे मत होते. त्यांनी बंदीची बाजू उचलून धरली. भिंत बांधली गेली. गावकऱ्यांना दुसरे कुरण दिले नाही, विचारलेही नाही. नोव्हेंबर १९८२ मध्ये ते आत घुसले, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात गावकरी मेले. राजाच्या बंदुकीला १९७२ पर्यंत मुभा आणि गरिबाच्या म्हशीला १९८२ मध्ये गोळी, असा हा हिशेब आहे.

पुढे जे घडले ते मात्र बहुतेक चरित्रांत एका ओळीत उरकतात, म्हणून आम्ही ते सविस्तर सांगतो. म्हशी बंद झाल्या आणि पाण्यात वाढणारे गवत माजले. म्हैस पाण्यात उतरते, ते गवत खाते, पायांनी चिखल ढवळते, त्यामुळे उघडे पाणी शिल्लक राहत होते. आता गवताने तळी व्यापली, मासे कमी झाले, पाणपक्ष्यांना उतरायला जागा उरेना. हे कोणी शोधून काढले? सलीम अलींच्याच सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी. १९८० पासून दहा वर्षे त्यांनी भरतपूरचा अभ्यास केला आणि १९९१ च्या अहवालात स्पष्ट लिहिले की गुरांची बंदी या पाणथळीला मानवलेली नाही. म्हणजे गावकरी आणि पक्षी हे एकमेकांचे वैरी नव्हतेच. म्हैस, गवत, मासा, बदक आणि गुराखी अशी ती एक साखळी होती आणि तिचा एक दुवा शास्त्राच्या नावाने तोडला गेला.

सलीम अली तोवर गेलेले होते. १९८७ साली नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. अहवाल वाचून ते काय म्हणाले असते याचा तर्क आम्ही करणार नाही. पण ज्या माणसाने किहीमच्या झाडाखाली बसून डोळ्यांनी पाहिलेलेच मानले, त्याच्या संस्थेने त्याच्याच मताविरुद्ध डोळ्यांनी पाहिलेले छापले, ही त्याची खरी शिकवण आम्ही समजतो. किती संस्थांत गुरूविरुद्ध असा कागद निघतो? आपल्या चळवळीतल्या संस्थांकडेही हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

वकील म्हणून आम्हाला आणखी एक दिसते. २००६ च्या वनहक्क कायद्यात असे कलम आहे की अभयारण्यासाठी माणसे हलवायची असतील तर त्यांच्या राहण्याने वन्यजीवांची कधीही न भरून येणारी हानी होते हे सरकारने आधी दाखविले पाहिजे, एकत्र राहणे शक्यच नाही हे सिद्ध केले पाहिजे, आणि ग्रामसभेची संमती घेतली पाहिजे. भरतपूरला १९८२ साली यातले एकही पाऊल उचलले गेले नव्हते. आजही कित्येक ठिकाणी हे कलम कागदावरच झोपलेले असते, ते जागे करणे हे आपल्या वकिलांचे काम आहे.

केरळातील सायलेंट व्हॅलीच्या जंगलात वीजप्रकल्प होणार होता. त्याविरुद्ध सलीम अलींनी आपले वजन खर्च केले आणि १९८४ साली ते जंगल राष्ट्रीय उद्यान झाले. ते योग्यच झाले. तेथे विरोधात सरकारी वीज मंडळ होते, भरतपूरला गुराखी होते. मोठ्यांशी लढताना हा माणूस कधी कचरला नाही, गरीब समोर आला तेव्हा मात्र त्याला विचारायला हवे हे ध्यानात आले नाही. त्यांच्या पिढीतल्या बहुतेक निसर्गरक्षकांचे हेच झाले आहे.

आता पुन्हा शीव. सलीम अलींनी १९८३ साली रोप लावले तेव्हा खाली कचऱ्याचा थर होता. त्यावर माती आणून टाकली, झाडे लावली, वाढविली, आणि २२ एप्रिल १९९४ रोजी उद्यान लोकांसाठी खुले झाले. आज तेथे शंभराहून अधिक जातींचे पक्षी नोंदलेले आहेत. बाजूला मिठीचे काळे पाणी आणि रस्त्यापलीकडे धारावी. उकिरड्याचे जंगल करता येते हे शिकण्यासाठी परदेशात जायला नको, शीव स्थानकावर उतरावे. आपल्या वस्त्यांतील मुलांनी तेथे आपली जागा म्हणून जावे, पाहुणे म्हणून नव्हे.

धारावी पुनर्विकासात हे उद्यानही ओढले जाईल अशी भीती निर्माण झाली तेव्हा प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि २०२३ साली प्रकल्प प्राधिकरणाला उद्यान प्रकल्पात नाही असे सांगावे लागले. झाडे वाचली, आनंद आहे. पण ज्यांना अपात्र ठरविले जाईल त्या धारावीकरांचे काय? २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने त्यांच्या घरांसाठी कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड भागातील सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन घेण्याचे ठरविले, आणि देवनारच्या कचराभूमीपैकी सुमारे १२५ एकर जागाही त्याच कामी देण्याचा निर्णय झाला. मिठागरे म्हणजे भरतीचे आणि पावसाचे पाणी सामावून घेणारी, पाणपक्ष्यांची जागा. तेथून जवळच्या ठाणे खाडीत रोहित पक्षी उतरतात, म्हणून ती २०१५ साली अभयारण्य आणि २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जाहीर झाली. आणि देवनार तर आजही डोंगराएवढा उकिरडा आहे. धारावीची जमीन बाजाराला, धारावीची माणसे एकतर पाखरांच्या जागेवर नाहीतर कचऱ्यावर.

उद्या मिठागरांवर घरे उठू लागली की पक्षीमित्र न्यायालयात जातील आणि त्यांच्यासमोर प्रतिवादी म्हणून बिल्डर दिसणार नाही, धारावीतली विस्थापित बाई दिसेल. भरतपूरला भिंतीच्या एका बाजूला गुराखी आणि दुसऱ्या बाजूला बगळे उभे केले होते, तीच मांडणी येथे तयार होत आहे. तसे होऊ द्यायचे नसेल तर धारावीकरांना धारावीतच घर ही मागणी आणि मिठागरे मोकळी ठेवा ही मागणी एकाच अर्जात लिहावी लागेल. शीव, धारावी, माहीम, चेंबूर भागातील कार्यकर्त्यांनी पात्र-अपात्रतेच्या सुनावण्यांना जाताना हा दुसरा मुद्दाही लेखी नोंदवावा आणि त्याची पोच घ्यावी.